सहा बाय चारची खोली

गेल्या महिन्यात माझी भाची दोन दिवस माझ्याकडे राहायला आली होती. सातवा महिना, चेहऱ्यावर छान तेज. पण जेवताना बघते तर हिचं लक्षच पानात नाही. रात्री आवराआवर झाल्यावर तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. गुलाबी भिंती, जाळीचे पडदे, पांढराशुभ्र कठड्याचा पलंग, त्यावर फिरणाऱ्या चंद्र-चांदण्या आणि कोपऱ्यात झुलती खुर्ची.

"मावशी, बाळाची खोली अशी असावी म्हणे. आमचं घर म्हणजे एक खोली न् स्वयंपाकघर. त्यात सासूबाई, शिवाय दीर परीक्षेला बसलेला. मी हे सगळं कुठं मांडू?" आणि डोळ्यांत टचकन पाणी!

मला काही हसू आलं नाही. कारण अकरा वर्षांपूर्वी मीही अशीच एका चित्राच्या नादी लागले होते.

माझी चौदा हजारांची चूक

मुलीच्या वेळी आम्ही कठड्याचा पलंग, त्याच्या मऊ गाद्या-गिरद्या आणि चाकांचा वॉकर असं सगळं मिळून चौदा हजारांना घेतलं, तेही हप्त्यानं. पलंगात ती जेमतेम तासभर टिकायची. पुढे पुढे त्यात वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडू लागला. वॉकर मात्र मला देवासारखा वाटायचा. तिला त्यात बसवलं की पोळ्या होत, शाळेच्या वह्या तपासून होत.

ती नऊ महिन्यांची होती. मी दाराशी भाजीचे पैसे देत होते, मोजून दोन मिनिटं. तेवढ्यात वॉकर बाहेरच्या खोलीतून सुसाट निघाला आणि पडवीच्या पायरीवरून खाली. हनुवटीला तीन टाके पडले. टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले, "वॉकरनं मूल लवकर चालतं हा गैरसमज आहे. बसल्या जागी त्याला चाकं मिळतात, तोल सांभाळणं शिकायचं राहूनच जातं." कॅनडानं तर २००४ सालीच या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, हे मला नंतर कळलं.

आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा बरं का. त्यात बसायला जागाच नाही. मूल स्वतःच्या पायावर उभं राहून तो ढकलतं. अर्थात त्याच्याही मागे मोठं माणूस हवंच.

मुलगा झाला तेव्हा मी शहाणी झाले होते आणि हातात पैसाही नव्हता. तेव्हा जे केलं तेच मी त्या रात्री भाचीला सांगितलं. तेच तुम्हालाही सांगते.

जागा कशी निवडाल?

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढी जमीन पुरे. ती निवडताना पहिली कसोटी एकच: ओट्याशी उभं राहून मान वळवली की बाळ दिसलं पाहिजे. घराच्या शेवटच्या खोलीत कितीही सुंदर सजावट केली तरी दिवसभर आपण असतो स्वयंपाकघरात. मग बाळ रडलं की पळा, आणि नाही रडलं तरी जीव टांगणीला.

मात्र कोपरा गॅस, इस्त्री नि गरम पातेल्यांपासून लांब हवा. वर फळी, जड तसबीर किंवा घड्याळ नको. शेजारी कपाट किंवा टीव्ही असेल तर तो लोखंडी कंसानं भिंतीला पक्का करून घ्या. मूल धरून उभं राहायला लागलं की उघडा खण ओढतं आणि कपाट अंगावर येतं. पडद्याच्या दोऱ्या वर गुंडाळून टाका. विजेची खालची बटणं झाकणांनी बंद करा.

भिंतीचा रंग पोपडे धरत असेल तर तिकडे खास लक्ष द्या. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते बरंच असू शकतं, आणि पोपडे तोंडात जाऊन बाळाच्या मेंदूला इजा होते. असा रंग कोरडा खरवडू नका, त्याची धूळ अधिक वाईट. गर्भारपणी तर त्या कामाला हातच लावू नका.

एवढं झालं की एक गंमत करा. दार लावून घ्या आणि त्या जागेवर चक्क पालथ्या पडा. हनुवटी जमिनीला टेकवून चारी बाजूंना बघा. मला काय काय दिसलं म्हणता? दिवाणाखाली दोन आकडे, एक शेंगदाणा, झुरळांसाठी टाकलेल्या पावडरीची रेघ आणि रिमोटमधून निसटलेली चपटी गोल बॅटरी! ही बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका जाळते. तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी ताबडतोब दवाखाना गाठायचा. उभ्यानं रोज झाडणाऱ्या मला यातलं काहीही दिसलं नव्हतं.

अंथरूण आणि मोहरीची उशी

खाली सतरंजी, तिच्यावर गोधडी; ही झाली खेळायची जागा. झोपायला पिंजाऱ्याकडून घट्ट भरून घेतलेली छोटी गादी. बोटानं दाबली तर खड्डा राहता कामा नये. बाळाला झोपवायचं ते नेहमी उताणं, पाठीवर. उशी, लोड, मऊ खेळणी, जाड पांघरूण यातलं काही जवळ ठेवायचं नाही. अमेरिकेत १९९४ साली उताणं झोपवण्याचा प्रचार सुरू झाला आणि तान्ह्या मुलांचे झोपेतले अचानक मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. एवढं साधं काम, पण केवढा फरक!

रात्री ही गादी आपल्या अंथरुणाला लागून ठेवावी, पण वेगळी. साडीच्या झोळीत डोळा लागला तर उचलून गादीवर ठेवावं. डासांना मच्छरदाणी बरी. धुराची कॉइल बाळाच्या खोलीत नको, आणि शेक-धुरीची शेगडीही नको.

हे कागदावर सोपं वाटतं. आमच्या घरी मोठाच पेच पडला. डोकं गोल व्हावं म्हणून सासूबाईंनी हौसेनं मोहरीची उशी शिवून ठेवली होती. ती नको म्हणताना माझी जीभ रेटेना. शेवटी डॉक्टरांकडे त्यांनाच बरोबर नेलं. डॉक्टरांनी त्यांना समजावलं, की झोपवताना डोक्याची दिशा रोज बदलायची आणि जागेपणी बाळाला पालथं घालायचं, म्हणजे डोकं आपोआप गोल राहतं. घरी आल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उशी उसवून मोहरी डब्यात गेली. खोळीत चिंध्या भरून त्यांनी घट्ट टाक्यांचा चेंडू शिवला. मुलगा पुढे वर्षभर त्याच चेंडूशी खेळला.

आणखी एक सांगते. मोठ्या मुलांची झबली-टोपरी आपण ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवतो. ते कपडे तसेच तान्ह्याला घालू नका. काही मुलांच्या रक्तात जन्मजात एक उणीव असते. अशांना या गोळ्यांच्या वासानंही तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कपडे धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. पुढच्या वेळी ट्रंकेत गोळ्या टाकूच नका.

कोपरा बाळाबरोबर वाढतो

चित्रातली खोली पहिल्या दिवशी जशी असते तशीच वर्षभर राहते. बाळ मात्र दर दोन-तीन महिन्यांनी नवं काही शिकतं. म्हणून कोपऱ्यातल्या वस्तू थोड्याच ठेवाव्या आणि बदलत राहाव्या.

पहिले तीन महिने: बाळाला वीतभर ते फूटभर अंतरावरचंच नीट दिसतं. म्हणजे अंगावर पाजताना आपला चेहरा असतो तेवढंच! तेव्हा त्याचं पहिलं खेळणं आपण स्वतःच. फिक्या गुलाबीपेक्षा त्याला काळं-पांढरं चटकन कळतं. मी पांढऱ्या पुठ्ठ्यावर काजळी रंगाचे जाड पट्टे आणि रांगोळीचे ठिपके काढून भिंतीशी उभे केले होते. जागेपणी, पोट फार भरलेलं नसताना, दोन-दोन मिनिटं पालथं घालावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे, की रांगायला न लागलेल्या मुलाला दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असं पालथं ठेवावं. मूल कुरकुरलं तर आपणही समोर आडवं व्हावं. मान उचलायला त्याला आपलं तोंड दिसणं पुरतं.

तीन ते सहा महिने: आता हात पुढे येतात. वर कापडी चिमण्या टांगायच्या तर दोरी वीतभरच ठेवा, आणि मूल हातांवर छाती उचलू लागलं की त्या काढून टाका. भिंतीशी स्टीलचं मोठं ताट आडवं टेकवा, मात्र ते घसरणार नाही अशा बेतानं. त्यातला धूसर चेहरा बघून आमचं बाळ तासन्‌तास हुंकारे द्यायचं. त्यानं 'आऽ' केलं की आपणही ओट्यापाशून 'आऽ' करायचं. "बघ, आई कणीक मळतेय," एवढं बोललं तरी भाषा कानावर पडते.

सहा ते नऊ महिने: बसणं, सरकणं, रांगणं. एका टोपलीत वाट्या, लाकडी पळी, एकात एक बसणारे डबे, वेगवेगळ्या पोताचे कापडाचे तुकडे घाला. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाएवढी किंवा त्याहून लहान वस्तू टोपलीत नको, कारण ती घशात अडकते. विकतच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. ते बघून घ्या. याच दिवसांत न्हाणीघरातली बादली रिकामी ठेवायची सवय लावा. चार बोटं पाणीही धोक्याचं.

नऊ महिन्यांनंतर: धरून उभं राहायला एखादी जड, न हलणारी वस्तू द्या. आमच्याकडे गोल कोपऱ्यांची धान्याची कोठी होती. चालण्याची घाई मात्र करू नका. आठव्या महिन्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत केव्हाही मूल पाऊल टाकतं. नऊ महिने उलटूनही आधाराशिवाय बसत नसेल, तर शेजारणींना विचारत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

एक पथ्य मोठ्यांसाठी. वर्षाच्या आतल्या मुलाला मोबाइल किंवा टीव्ही अजिबात नको. आणि पाळणा, गाडी, खुर्ची यांत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये.

जमिनीवर मूल? लोक काय म्हणतील!

माझ्या घरी सर्वांत अवघड गेला तो हा प्रश्न. "पहिलीला पलंग, आणि हा जमिनीवर? बारशाला आलेली माणसं काय म्हणतील?" सासूबाईंचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. पैसे नाहीत हे माणसांना दिसू नये असं कुणाला वाटत नाही?

मी त्यांना ताराबाई मोडकांची गोष्ट सांगितली. १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ काढणाऱ्या या बाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. परदेशी पद्धतीची महागडी साधनं खेड्यात आणायची कुठून? त्यांनी शिंपले, पानं, बिया, दगड हीच साधनं केली आणि अंगणालाच शाळा केली. ती मुलं मोठी होती. त्या बिया तान्ह्याच्या हाती द्यायच्या नाहीत. पण घरात आहे त्यातूनच मुलाला शिकवता येतं, आणि त्यात कमीपणा नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

गोष्ट कितपत पटली कोण जाणे. पण मोहरीची उशी उसवली त्याच आठवड्यात सासूबाईंनी आपल्या जुन्या सुती साड्या काढल्या आणि सहा बाय चारची गोधडी घालायला घेतली. बारशाला आलेल्या बायकांनी बाळापेक्षा गोधडीचंच कौतुक जास्त केलं!

मी अर्धा दिवस शाळेत जाते, तेव्हा बाळ त्यांच्यापाशी. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. म्हणून कोपऱ्याशी एक बुटका स्टूल कायमचा ठेवला. तिथं बसून त्या शेंगा सोलत, ओव्या म्हणत. टरफलं मात्र मांडीवरच्या ताटात, एकही खाली नाही. बाळाची जागा आखताना त्याला सांभाळणाऱ्या माणसाची जागाही आखावी लागते, हे मला त्या स्टुलानं शिकवलं.

खर्च किती आला?

गादी भरून घ्यायला ९०० रुपये, मच्छरदाणी ३५०, विजेच्या बटणांची झाकणं १२०, कपाटाचे कंस आणि सुताराची मजुरी २५०. एकूण १,६२० रुपये. गोधडी, ताट, टोपली, डबे घरचेच. आपल्याकडे बाळ यायच्या आधी खरेदी करायची नाही असा रिवाज पुष्कळ घरांत आहे. तोही यात मोडत नाही. आधी नुसती जागा साफ आणि निर्धोक करून ठेवायची.

परवा भाचीचा फोन आला. आवाज खुशीत होता. "मावशी, आम्ही टेपनं मोजलं. दिवाणाजवळची ट्रंक हलवली की बरोबर सहा बाय चार निघतं. भाऊजींनी अभ्यास सोडून कपाटाला कंससुद्धा ठोकले. आणि ऐक ना, मी पालथी नाही पडू शकत, म्हणून सासूबाईच पडल्या. त्यांना काय सापडलं माहितेय? लग्नात हरवलेलं माझं जोडवं!"