कर्मचारी-वृत्ताच्या दोन ओळी: कृषी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि सिलतऱ्याचे शिवार

कृषी विद्यापीठांच्या वार्तापत्रांत शेवटच्या पानावर बहुधा ‘कर्मचारी-वृत्त’ आणि ‘आगामी कार्यक्रम’ ही दोन सदरे असतात. कोणाची बदली झाली, कोणास पदोन्नती मिळाली, कोण नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले, हे तेथे दोन-दोन ओळींत सांगितलेले असते. ग्रंथालयाविषयीची नोंद त्यातही तळाशी येते. विस्तार कार्यकर्ते आणि शेतकरी हे पान सहसा वाचत नाहीत. ती विद्यापीठाच्या घरातली बातमी आहे, असे त्यांना वाटते. वस्तुतः या दोन ओळींचा शिवाराशी निकटचा संबंध आहे. तो कसा, हे छत्तीसगडमधील सिलतरा या गावाच्या उदाहरणाने पाहू.

सिलतऱ्याचा प्रश्न

सिलतरा हे रायपूर जिल्ह्याच्या धरसीवां विकासखंडातील गाव रायपूर-बिलासपूर मार्गावर आहे. आज ते मोठ्या औद्योगिक क्षेत्राचे नाव म्हणून ओळखले जाते. येथे स्पंज आयर्नचे, म्हणजे लोहखनिजाचे कोळशाच्या साहाय्याने लोखंडात रूपांतर करणारे, अनेक कारखाने आहेत. परिसरातील गावांत धानाची शेती आहे. छपरांवर, तलावांवर आणि उभ्या पिकावर बसणारी काळी धूळ ही तेथील ग्रामस्थांची जुनी तक्रार आहे.

समजा, या भागातील एक शेतकरी आपल्या कृषी विस्तार अधिकाऱ्याला विचारतो, “साहेब, या धुळीने धानाचे उत्पन्न किती घटते? आणि कोणते वाण लावले तर कमी घटेल?” या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे सर्वसाधारण उत्तर सर्वांना ठाऊक आहे. पानावर धुळीचा थर बसला की प्रकाश कमी पोचतो, पर्णरंध्रे अंशतः बुजतात आणि अन्ननिर्मिती मंदावते. परंतु ‘किती’ आणि ‘कोणते वाण’ यांचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. त्यासाठी त्याच मातीतील, त्याच पिकाच्या मोजमापांची गरज असते. अशी मोजमापे जर कोणी केली असतील, तर ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत, विभागीय अहवालांत आणि जुन्या नियतकालिकांत असतात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचे ग्रंथालय सिलतऱ्यापासून फार दूर नाही. तरीही हे अंतर सामान्यतः कोणी ओलांडत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांनाही हा प्रश्न परका नाही. चंद्रपूर-घुग्घुस परिसरात कोळशाची धूळ कपाशीच्या बोंडांवर बसते, तेव्हा तेथील कृषी सहायकापुढे हाच प्रश्न उभा राहतो.

एक प्रश्न, अनेक कपाटे

धूळ आणि धान यांविषयीचे साहित्य ग्रंथालयात एका ठिकाणी नसते. ड्यूई दशांश वर्गीकरणात भात ६३३.१८ या क्रमांकाखाली येते. पिकांना होणारी इजा, रोग आणि किडी ६३२ मध्ये, तर मृदाशास्त्र ६३१.४ मध्ये येते. हवेच्या प्रदूषणाचे ग्रंथ कृषिविभागाबाहेर, समाजशास्त्रांच्या तीनशेच्या मालिकेत ठेवलेले असतात. प्रबंधांची कपाटे बहुधा वेगळी असतात आणि ती विभागवार लावलेली असतात. एकच विषय कृषिविद्या, मृदाशास्त्र, वनस्पती शरीरक्रियाशास्त्र किंवा वनशास्त्र यांपैकी कोणत्याही विभागाकडे गेलेला असू शकतो.

नवखा वाचक पहिल्या कपाटापाशी थांबतो, तेथे काही न मिळाल्यास ‘यावर संशोधन झालेले नाही’ असे समजतो आणि परततो. संदर्भसेवा देणारा कर्मचारी मात्र त्याला चारही कपाटांपाशी नेतो. डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांपैकी एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत वेळेचा अर्थ हंगाम असा होतो. उत्तर मिळण्यास महिनाभराचा विलंब झाला, तर वाणाची निवड एक वर्षाने पुढे जाते.

नोंद राखणारी माणसे

धुळीमुळे उत्पन्न घटले की नाही, हे ठरविण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते: कारखाने येण्यापूर्वी त्या मातीत किती पिकत होते, याची आकडेवारी. छत्तीसगडचे शेतकरी आपली माती भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा नावांनी ओळखतात आणि प्रत्येकीवर धानाचे वागणे निराळे असते. या मातींवरील जुन्या प्रयोगांचे कागद आता कोठे आहेत?

त्यांचा माग राज्यांच्या इतिहासाबरोबर फिरतो. रायपूरजवळ लाभांडी येथे १९०३ मध्ये शेती-संशोधनास प्रारंभ झाला, तेव्हा छत्तीसगड नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ चे. रायपूरला कृषी महाविद्यालय १९६१ मध्ये निघाले. त्याआधीच, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, नागपूर आणि रायपूर वेगवेगळ्या राज्यांत गेले होते. पुढे रायपूरचे महाविद्यालय जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाशी जोडले गेले. २० जानेवारी १९८७ रोजी रायपूरला स्वतंत्र कृषी विश्वविद्यालय झाले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. म्हणजे एकाच शिवाराविषयीचे जुने कागद शोधताना नागपूर, जबलपूर आणि रायपूर या तिन्ही ठिकाणच्या संग्रहांचा विचार करावा लागतो. कोणत्या वर्षाचा अहवाल कोणत्या नावाच्या खात्याने काढला, कोणत्या नियतकालिकाचे नाव केव्हा बदलले, कोणता खंड बांधणीत दुसऱ्या खंडाबरोबर शिवला गेला, हे तालिकेत क्वचितच लिहिलेले असते. ते तीस वर्षे त्याच कपाटांपाशी काम केलेल्या सहायकाच्या स्मरणात असते.

म्हणूनच ‘ग्रंथालय सहायक सेवानिवृत्त’ ही दोन ओळींची बातमी लहान नाही. त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला जातो. परंतु त्या व्यक्तीबरोबर काय बाहेर पडते, याचा विचार झाला नाही, तर पुढच्या अभ्यासकास तेच कागद पुन्हा शून्यापासून शोधावे लागतात. निवृत्तीपूर्वीच्या काही महिन्यांत अशा कर्मचाऱ्याकडून जुन्या संग्रहाचे टिपण लिहून घेणे, नव्याने रुजू झालेल्यास त्याच्याबरोबर बसविणे आणि ते टिपण तालिकेस जोडणे, हे कोणत्याही नव्या इमारतीपेक्षा स्वस्त आणि अधिक टिकाऊ काम आहे.

नोंदीचे मोल रायपूरइतके क्वचितच कोठे ठळकपणे दिसेल. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूरमध्ये राहून गावोगावची धानाची हजारो स्थानिक वाणे गोळा केली. आज रायपूरच्या कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात धानाचे २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. एकच वाण दोन गावांत दोन नावांनी ओळखले जाते आणि एकाच नावाखाली दोन निराळी वाणे पिकविली जातात. त्यामुळे नमुना कोणत्या गावातून आला, किती दिवसांचा, कोणत्या दाण्याचा, ही ओळख-नोंद नसेल तर पाकिटातील बियाणे केवळ मूठभर धान उरते. प्रबंधाचेही तसेच आहे. दाखल क्रमांक, विषय आणि स्थान यांची नोंद नसलेला प्रबंध कपाटात असूनही नसल्यासारखा असतो. सिलतऱ्याच्या शेतकऱ्याला ताण सोसणारे वाण हवे असेल, तर शोध या दोन्ही नोंदवह्यांतून जाईल.

घरबसल्या काय मिळते

सर्व शोधासाठी ग्रंथालयात जावेच लागते, असे नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या संग्रहात अनेक कृषी विद्यापीठांचे प्रबंध आणि संस्थांची प्रकाशने संगणकावर उपलब्ध आहेत. अन्य विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात मिळतात. प्रदूषणविषयक काम पारंपरिक विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांतही होत असल्याने हे दोन्ही संग्रह पाहणे आवश्यक ठरते. संशोधन नियतकालिकांसाठी ‘सेरा’ हा कृषी संस्थांचा समूह २००८ पासून कार्यरत आहे. सदस्य संस्थेच्या ग्रंथालयामार्फत त्यातील लेख पाहता येतात. कृषी विज्ञान केंद्रातील विषयतज्ज्ञांनी याबाबत आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांकडे विचारणा करावी.

शोधताना शब्दांची निवड महत्त्वाची असते. केवळ ‘पॅडी’ लिहिल्यास ‘राइस’ हा शब्द वापरलेले लेख निसटतात. ‘ओरायझा सटायव्हा’ हे शास्त्रीय नाव दिल्यास दोन्हींतील बरेच हाती लागतात. ‘डस्ट’ बरोबर ‘फ्लाय अ‍ॅश’, ‘स्पंज आयर्न’ आणि ‘पार्टिक्युलेट’ हे शब्दही घालून पाहावेत. गावाचे नाव शेवटी घालावे, कारण शीर्षकात गावाऐवजी जिल्ह्याचे किंवा औद्योगिक क्षेत्राचे नाव असू शकते.

आगामी दिवस आणि शेतीचे पंचांग

ग्रंथालयांचे वार्षिक कार्यक्रम ठरलेल्या दिवसांभोवती गुंफलेले असतात. रंगनाथन यांची जयंती म्हणून १२ ऑगस्टला राष्ट्रीय ग्रंथपाल दिन आणि १४ ते २० नोव्हेंबर या काळात राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह पाळला जातो. कृषी संस्थांत त्यांच्या जोडीला ३ डिसेंबरचा कृषी शिक्षण दिन, ५ डिसेंबरचा जागतिक मृदा दिन आणि २३ डिसेंबरचा किसान दिन येतो. २३ एप्रिलला जागतिक ग्रंथ दिन असतो.

हे दिवस शेतीच्या पंचांगाशेजारी ठेवून पाहिले, तर एक अडचण लक्षात येते. ऑगस्टमध्ये छत्तीसगडचा शेतकरी बियासी, निंदणी आणि खतांच्या कामात बुडालेला असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर धानाची कापणी आणि मळणी चालू असते. ग्रंथप्रदर्शन त्याच वेळी भरते, तेव्हा सभागृहात विद्यार्थी असतात, शेतकरी नसतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही.

जागतिक ग्रंथ दिनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात अक्षय्य तृतीया येते. छत्तीसगडमध्ये तो ‘अक्ती’चा सण असतो. गावात ठाकुरदेवापुढे धान ठेवून पूजा होते आणि नव्या कृषिवर्षाचा आरंभ मानला जातो. या दिवसांत शिवार रिकामे असते आणि वाणाचा निर्णय व्हायचा असतो. ग्रंथालयाने आपला बाहेरचा कार्यक्रम याच सुमारास गावात घेतला, तर त्याचा उपयोग त्याच खरिपात होईल. विदर्भाच्या धानपट्ट्यात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतही हाच काळ सोयीचा आहे.

ग्रंथालयाने गावात जाणे ही कल्पना नवी नाही. १९३१ मध्ये तमिळनाडूतील मन्नारगुडी येथे रंगनाथन यांच्या प्रेरणेने बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले होते. आज बैलगाडीची जागा एक संगणक, एक छापयंत्र आणि गावचे प्रश्न आधी वाचून आलेला एक कर्मचारी घेऊ शकतो.

ग्रंथालयात जाताना

विस्तार कार्यकर्त्यांनी ग्रंथालयात प्रश्न लिहून न्यावा. ‘प्रदूषणाची माहिती हवी’ असे न लिहिता पीक, वाण, मातीचा प्रकार, गाव, पिकाची अवस्था आणि दिसणारी लक्षणे नोंदवावीत. उत्तर कशासाठी हवे, हेही लिहावे. शेतकऱ्याला सल्ला देण्यासाठी लागणारा मजकूर आणि नुकसानीच्या अर्जास जोडण्याचा मजकूर यांत फरक असतो. बाहेरच्या वाचकांसाठी प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि सोबत कार्यालयाचे पत्र ठेवावे. शोधून काहीच मिळाले नाही, तर तेही कर्मचाऱ्याकडून लिहून घ्यावे. संशोधन न झालेला प्रश्न हा पुढच्या विद्यार्थ्यासाठी प्रबंधाचा विषय असतो आणि तो संबंधित विभागाकडे पोचविणे हेही विस्ताराचेच काम आहे.

पुढच्या वार्तापत्रात ग्रंथालयात कोणी नवे रुजू झाल्याचे वृत्त आले, तर त्या व्यक्तीस आपल्या क्षेत्रातील एक प्रश्न अवश्य पाठवावा. कोणी निवृत्त होत असल्याचे वाचले, तर निरोपसमारंभापूर्वीच जाऊन भेटावे आणि जुने अहवाल कोठे आहेत, हे विचारून घ्यावे.