बियाण्याची पिशवी, पेटंट आणि आपला हक्क



कपाशीची पिशवी घेताना कर्जत, मिरजगाव, राशीनच्या दुकानांत पुष्कळ जण विचारतात, "साहेब, एवढ्याशा पिशवीला एवढे पैसे कशाचे?" या प्रश्नाचे उत्तर दोन कायद्यांत आहे.

पहिला कायदा पेटंटचा. ज्याने नवा शोध लावला, त्याला २० वर्षे त्यावर एकट्याचा हक्क मिळतो. दुसरा स्पर्धेचा कायदा. बाजारातल्या बळाचा वापर करून कोणी दुसऱ्याला पिळू नये, हा त्याचा हेतू.

समजा, गावात एकाने स्वतःच्या खर्चाने विहीर खोदली. पाण्याचे पैसे घेणे हा त्याचा हक्क. पण गावात तेवढी एकच विहीर असेल आणि तो मनाला येईल तो भाव लावील, तर? त्याचा हक्क कुठे संपतो आणि अडवणूक कुठे सुरू होते, हाच खरा वाद.

हे आपल्या कपाशीत घडले. २००२ मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली. तिच्यातील जनुक मोन्सँटो कंपनीचे. मोन्सँटो आणि जालन्याची महिको यांच्या जोडकंपनीने ते इतर बियाणे कंपन्यांना वापरायला दिले आणि त्याची फी घेतली. ही फी शेवटी पिशवीच्या किमतीतच येते, म्हणजे आपल्याच खिशातून जाते. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पिशवीला १६०० रुपयांच्या वर मोजावे लागत. २००६ मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली. पुढे तिथे कमाल भाव ७५० रुपये ठरला. २०१५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कपाशी बियाणे भावनियंत्रण आदेश काढला. २०१६ मध्ये बीजी-२ ची पिशवी ८०० रुपये आणि त्यात फी ४९ रुपये ठरली. २०२० पासून ही फी शून्य झाली.

फेब्रुवारी २०१६ मध्ये स्पर्धा आयोगानेही चौकशीचा आदेश दिला होता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की पेटंटचा परवाना देण्याच्या अटींबद्दलची तक्रार पेटंट कायद्याखालीच चालेल, स्पर्धा आयोगापुढे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले. म्हणजे दाद मागायची सोय गेली नाही, दरवाजा बदलला. शोध रास्त भावात मिळत नसेल, तर पेटंट दिल्यापासून तीन वर्षांनी दुसऱ्याला सक्तीचा परवाना देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. बियाण्याचे भाव बांधण्याचा सरकारचा अधिकारही कायम आहे.

आता आपल्या हक्काचे. २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा सांगतो, की नोंदणीकृत वाणाचे बीसुद्धा शेतकऱ्याने घरी राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, विकावेही. फक्त त्या वाणाचे नाव छापून, पॅकिंग करून विकता येत नाही. म्हणून मालदांडी किंवा राहुरी विद्यापीठाच्या फुले वसुधासारख्या सरळ वाणाच्या ज्वारीचे निवडक कणसांचे बी जरूर राखा. संकरित कपाशीचे बी मात्र राखू नका. पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो.

एवढे ध्यानात ठेवा :

१. पिशवीवर छापलेल्या किमतीपेक्षा जादा पैसे देऊ नका.

२. पक्की पावती घ्या. तिच्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या.

३. पिशवी, टॅग आणि थोडे बी काढणीपर्यंत जपून ठेवा.

४. चोरून येणारे तणनाशक-सहनशील कपाशीचे बी घेऊ नका. त्याला मान्यता नाही, पावती मिळत नाही. फसलात तर भरपाई कोणाकडे मागणार?

५. उगवण झाली नाही, तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पंचनामा करून घेण्याआधी रान मोडू नका.

पावती हातात असेल तरच कायदा आपल्या बाजूने बोलतो. पेरणीआधी हे पत्रक घरात सर्वांना वाचून दाखवा.