ओझे, पाणी आणि वाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, ते आम्हांला भूगोल शिकवीत. पातालपाणीच्या सहलीच्या आदल्या दिवशी ते वर्गातच आमच्या पिशव्या उघडावयास लावीत आणि एकेक वस्तू उचलून विचारीत, “ही कशासाठी?” ज्याला उत्तर देता येत नसे, त्याची वस्तू टेबलावर राही. त्यानंतर ते आणखी एक प्रश्न विचारीत. तो मात्र मी विसरलो होतो. तो मला कोठे आणि कसा आठवला, हे सांगण्यासाठीच आजचा विषय निवडला आहे.

इंदूरहून फार दूरच्या एका नदीची ही हकिगत आहे. अमेरिकेतील युटा राज्याच्या दक्षिण भागात उगम पावून पारिया नावाची लहानशी नदी अ‍ॅरिझोना राज्यात उतरते आणि लीज फेरी येथे कोलोरॅडो नदीस मिळते. वाटेत तिने वालुकाश्मात एक खोल घळई कोरली आहे. हा वालुकाश्म म्हणजे सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्याच होत. वाऱ्याने रचलेले त्यांचे तिरपे थर आजही कड्यांवर स्पष्ट दिसतात. व्हाइट हाउस या ठिकाणाहून लीज फेरीपर्यंत नदीच्या पात्रातूनच सुमारे ६१ किलोमीटरची वाट आहे. तिला ना पूल, ना गाव, ना दुकान. १९८४ साली हा प्रदेश कायद्याने अरण्यक्षेत्र म्हणून राखून ठेवण्यात आला. मुक्कामी जाण्याचा परवाना दिवसाला केवळ वीस जणांना मिळतो. शेकोटी पेटविण्यास बंदी आहे, आणि आपली विष्ठासुद्धा पिशवीत भरून परत आणावी लागते.

माझा भाचा त्या देशात नोकरीस आहे. निवृत्तीनंतर मी त्याच्याकडे गेलो असता तो म्हणाला, “मामा, तुम्ही आयुष्यभर फळ्यावर घळई काढलीत. आता एकदा तिच्यातून चाला.” नोव्हेंबरचा पहिला आठवडा ठरला.

हाच काळ का, हा पहिला विचारण्याजोगा प्रश्न. उन्हाळ्यात तेथील उष्णता असह्य असते, परंतु खरे भय पाण्याचे. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत तेथे वादळी पाऊस कोसळतो. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. ते सगळे अरुंद घळईत धावत येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी याच प्रदेशातील अँटिलोप घळईत अकरा पदयात्री अशाच लोंढ्यात मृत्यू पावले. मुख्य पाऊस पडला होता तो वरच्या अंगाला, काही मैल दूर. पारियाच्या अरुंद भागात माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, दोन कड्यांच्या मध्ये ओंडके अडकलेले दिसतात. पाणी कोठवर चढते याची ती खूणच होय. म्हणून वाटही वरून खालीच चालावयाची, कारण अरुंद भाग आरंभी येतो आणि हवामानाचा अंदाज ताजा असतानाच तो ओलांडता येतो.

आपल्याकडेही हे शहाणपण जुनेच आहे. नर्मदेचे परिक्रमावासी चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करितात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा पाऊल उचलतात. नदीकाठाने चालावयाचे तर नदी शांत असताना चालावे, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

शरदाच्या अखेरीस चालण्याची किंमत मात्र थंडीच्या रूपाने मोजावी लागते. दिवस साडेदहा तासांचा. त्यातही उंच कड्यांमुळे ऊन तळाशी अगदी थोडा वेळ पोहोचते. थंड हवा जड असल्याने रात्री ती घळईत उतरून साचते आणि पहाटे पाणी गोठते. त्यात नदी ओलांडावी लागते ती एकदोनदा नव्हे, शेकडो वेळा. पाय दिवसभर ओलेच असतात.

आता ओझ्याविषयी. हलके ओझे घेऊन चालण्याची जी पद्धत पुढे अमेरिकेत रूढ झाली, तिचे एक आद्य उदाहरण म्हणून एमा गेटवुड या बाईंचे नाव आदराने घेतले जाते. अकरा मुलांच्या या आईने १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अ‍ॅपलेशियन पर्वतराजीतील तीन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट एकटीने पूर्ण केली. पायांत साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी, आणि पावसासाठी न्हाणीघरातील पडदा! परंतु त्यांना वाटेत वस्ती लागत होती, आणि अनेक घरांनी त्यांना अन्न व आसरा दिला. परिक्रमावासीही झोळी-कमंडलू घेऊन निघू शकतो, कारण काठावरच्या गावांत सदावर्त असते. त्याच्या ओझ्याचा एक भाग समाज उचलीत असतो. निर्जन घळईत असे कोणी नसते. तेथे हलके व्हावयाचे ते केवळ माहितीच्या बळावर.

पहिल्या दिवशी मी भरलेली पाठपिशवी भाच्याने काट्याला लावली. ती एकोणीस किलो भरली! त्याने सर्व सामान जमिनीवर मांडले. दुसरी सतरंजी, पितळेचा डबा, जाडजूड ग्रंथ, तीन सदरे असे एकेक बाजूस पडू लागले. मला गुरुजींचे टेबल आठवले. अखेर तंबू, स्लीपिंग बॅग, कपडे व भांडी मिळून साडेसहा किलो, पाच दिवसांचा शिधा व इंधन चार किलो आणि पाणी दोन किलो, असे साडेबारा किलो ओझे ठरले. शिध्यात पोहे, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की असे कोरडे पदार्थ होते, कारण ओल्या अन्नातील पाणी पाठीवर वाहणे व्यर्थ.

स्वतः पाण्याचे वजन मात्र कोणतीही युक्ती कमी करू शकत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशेब अढळ आहे. पायांखाली नदी वाहत असता पाणी वाहावे कशाला, असे वाटेल. पण पारिया या नावाचा अर्थच तेथील मूळ रहिवाशांच्या पाय्यूट भाषेत ‘गढूळ पाणी’ असा सांगतात. त्या गाळाने गाळणी काही मिनिटांतच तुंबते. पहिल्या रात्री भाच्याने नदीचे पाणी पातेल्यात भरले आणि खिशातून एक पांढरा खडा काढला. ती तुरटी होती! माझी आजी पावसाळ्यात माठात फिरवी तीच. सकाळी गाळ तळाशी बसला होता. वरचे पाणी हळूच ओतून आम्ही गाळले व उकळले. घळईच्या मध्यभागात कड्यांच्या भेगांतून स्वच्छ झरे वाहतात. वरच्या सच्छिद्र खडकात मुरलेले पाणी तेथे बाहेर येते. शेवटच्या भरवशाच्या झऱ्यापासून लीज फेरी सुमारे वीस किलोमीटर राहते. तेथे आम्ही प्रत्येकी चार लिटर पाणी भरून घेतले. झरे कोठे आहेत हे ठाऊक असल्यानेच आधीचे दोन दिवस दोन लिटरांवर निभावले. नकाशावरच्या एका खुणेने पाठीवरचे दोन किलो उतरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता माझी चूक सांगतो. हलकेपणाची मला धुंदी चढली होती. निघण्याच्या रात्री मी भाच्याच्या नकळत पिशवीतून लोकरीचे कोरडे मोजे आणि रात्रीचा लोकरीचा जोड काढून ठेविला. अवघे चारशे ग्रॅम! “कशासाठी?” या प्रश्नाला माझे उत्तर होते : केवळ झोपण्यासाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर रुतणाऱ्या वाळूत पाय गेला आणि मी कमरेपर्यंत भिजलो. अंधार लवकर पडला. उंच वाळूच्या ओट्यावर तंबू लागला, परंतु अंगावरचे ओले कपडे बदलावयास काही नव्हते. शेकोटीचा तर प्रश्नच नव्हता. माझे दात वाजू लागले, मग बोलणे अडखळू लागले. भाच्याने स्वतःचे कोरडे मोजे आणि जोड मला घातला, गरम पाण्याची बाटली माझ्या स्लीपिंग बॅगेत ठेविली, आणि स्वतः अंगावरच्या चालण्याच्या कपड्यांनिशीच कुडकुडत रात्र काढली. सकाळपर्यंत तो मला एक शब्दही बोलला नाही. मग चहा पुढे करीत इतकेच म्हणाला, “मामा, हे तुम्ही मला विचारायला हवं होतं.”

त्या पहाटे गुरुजींचा दुसरा प्रश्न मला आठवला. “ही कशासाठी?” याच्यामागून ते विचारीत, “आणि ही नसली तर?” माझ्या ग्रंथाबाबत उत्तर होते, काही बिघडणार नाही. कोरड्या मोज्यांबाबत उत्तर होते, जीव जाईल. आणि माझ्या चुकीचे ओझे त्या रात्री दुसऱ्याच कोणी वाहिले होते.

पाचव्या दिवशी कडे दूर सरले. पिवळ्याधमक पानांनी लवलेली कॉटनवुडची झाडे मागे पडली आणि लीज फेरीस पारियाचे तांबूस पाणी कोलोरॅडोच्या हिरव्या प्रवाहात मिसळताना दिसले. १९६३ पासून वरच्या अंगाला ग्लेन कॅनियनचे धरण गाळ अडवून धरते, म्हणून मोठी नदी तेथे निर्मळ आणि लहान नदी गढूळ, असा उलटा देखावा आहे.

विद्यार्थिमित्रहो, हलके चालणे म्हणजे वस्तू टाकीत सुटणे नव्हे. ऋतू, खडक, पाणी आणि आपले शरीर यांची जितकी खरी माहिती, तितकेच ओझे खरोखर कमी होते. माहितीवाचून कमी केलेले ओझे नाहीसे होत नाही. ते सोबत्याच्या पाठीवर जाते. पिशवी भरताना गुरुजींचे दोन्ही प्रश्न विचारीत जा. मी एकच लक्षात ठेविला होता.