तात्या विंचूची एवढी भीती का वाटायची?

'झपाटलेला' हा खरं तर विनोदी सिनेमा. १९९३ साली महेश कोठारेंनी तो आणला, त्यात लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणून घरोघरी पोरांना बिनधास्त दाखवला गेला. आणि मग कित्येक पोरं रात्री खेळण्यातली बाहुली कपाटात कोंडून झोपायला लागली. असं का झालं?

गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये (१९८८) येऊन गेली होती. पण आपला बाहुला रामदास पाध्येंनी घडवलेला. त्यांचा अर्धवटराव मुलांचा लाडका. तसाच बोलका बाहुला जीव घ्यायला निघाला, तर विश्वास ठेवायचा कुणावर?

अभ्यासक जोॲन कँटर सांगतात की, लहान मुलं गोष्ट खरी की खोटी यापेक्षा ती दिसते कशी, यावरून घाबरतात. त्यामुळे 'अरे, ती नुसती बाहुली आहे' हे आईचं समजावणं फुकट जायचं. बाहुलीच तर अंगावर आली होती! या वयात जवळ घेणं जास्त कामाचं. थोड्या मोठ्या मुलांना मात्र बाहुला हलवतात कसा, आवाज कुणाचा (दिलीप प्रभावळकरांचा!), हे सांगितलं की भीती ओसरते.