टायमिंग गिअर निवडताना : बेसिंगस्टोकच्या जुन्या लॉऱ्यांचा धडा

उसाची तोडणी ऐन भरात आहे, लॉरी भरून उभी आहे आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूने अचानक खरखर ऐकू येऊ लागते. मेकॅनिक झाकण उघडून सांगतो, "टायमिंग गिअरचे दाते गेले." मालक लगेच विचारतो, "कुठे मिळेल? केवढ्याला पडेल?" वास्तविक पहिला प्रश्न निराळा हवा : आपल्याला नेमका कोणता गिअर पाहिजे? आपल्या बेटावर असे सुटे भाग बहुधा समुद्रापलीकडून येतात. चुकीचा आला तर दुसरा येईपर्यंत हंगाम निघून जातो. लॉरीचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

या बाबतीत इंग्लंडातील बेसिंगस्टोक गावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनच्या नैर्ऋत्येस सुमारे ७५ किलोमीटरवरील या गावी १८९८ मध्ये थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने गाड्यांचा कारखाना काढला. जॉन थॉर्निक्रॉफ्ट हे मूळचे जहाजे बांधणारे. कारखान्यात आधी वाफेच्या गाड्या झाल्या, मग पेट्रोलच्या, पुढे डिझेलच्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला येथून सुमारे ५००० लॉऱ्या गेल्या. १९६१ मध्ये कंपनी एईसीच्या गटाकडे गेली, १९६२ मध्ये तो गट लेलँडमध्ये विलीन झाला आणि १९६९ मध्ये येथील खास गाड्यांचे काम वॉटफर्डच्या स्कॅमेल कारखान्यात हलवण्यात आले. आज त्या गावातील माइलस्टोन्स संग्रहालयात थॉर्निक्रॉफ्टच्या गाड्या जपून ठेवलेल्या पाहायला मिळतात.

कारखाना गेला, पण हौशी लोकांनी सांभाळलेल्या त्याच्या गाड्या अजूनही चालतात. अशी गाडी बाळगणाऱ्याला दुकानात जाऊन नुसते "थॉर्निक्रॉफ्टचा गिअर द्या" म्हणून भागत नाही. भाग त्याला स्वतः ओळखावा लागतो. आपणही नेमके हेच शिकण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, लॉरीचे नाव म्हणजे इंजिनाचे नाव नव्हे. बेसिंगस्टोकची प्रसिद्ध 'मायटी अँटर' ही अवजड गाडी १९५० च्या सुमारास इराकमधील तेलवाहिनीचे नळ वाहण्यासाठी तयार झाली. नाव थॉर्निक्रॉफ्टचे, पण इंजिन रोल्स-रॉइसचे! तेही प्रथम 'मीटिओराइट' हे व्ही आकाराचे आठ सिलिंडरचे, आणि नंतरच्या लष्करी अँटरमध्ये एका ओळीत आठ सिलिंडर असलेले. एकाच नावाच्या गाडीत दोन निराळी इंजिने. एकाचे गिअर दुसऱ्याला कसे लागणार? म्हणून मागणी पाठवताना इंजिनावर ठोकलेला नंबर आणि जुन्या भागावरचा नंबर लिहावा. लॉरी जुनी विकत घेतली असेल तर मधल्या काळात इंजिन बदललेले असू शकते, हे विसरू नये.

आता ही चाके करतात काय ते पाहू. आपल्या झाकरीत सगळ्यांची पावले एका ठेक्यावर पडतात. एकाचे पाऊल चुकले की सारा फेर विस्कटतो. इंजिनात हा ठेका टायमिंग गिअर सांभाळतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून क्रँकच्या गिअरला ३० दाते असले तर कॅमच्या गिअरला ६० लागतात. डिझेल पंपालाही याच साखळीतून फेरा मिळतो. क्रँकचा हा ३० दात्यांचा गिअर एकच दाता सरकून बसला तर १२ अंशांची चूक होते. डिझेल वेळेआधी पडले तर इंजिन ठोकते, उशिरा पडले तर धूर येतो आणि जोर जातो. व्हॉल्वची वेळ फारच चुकली तर पिस्टन व्हॉल्ववर आदळतो, आणि गिअरच्या दुरुस्तीचा खर्च पुऱ्या इंजिनाच्या खर्चावर जातो.

भाग हातात आल्यावर दाते मोजावेत. रुंदी, मधले भोक आणि चावीची खाच ताडून पाहावी. तिरप्या दात्यांच्या गिअरमध्ये दात्यांचा कल जरूर पाहावा, कारण एकमेकांत बसणाऱ्या दोन गिअरचे कल उलट असावे लागतात. छोट्या पेट्रोल इंजिनांत आवाज कमी व्हावा म्हणून फायबरचे गिअर वापरीत, पण ट्रकच्या डिझेल पंपाचे धक्के सोसायला पोलादच हवे.

तुटलेला तेवढाच गिअर बदलण्याचा मोह टाळावा. झिजलेल्या जुन्या दात्यांत नवा गिअर नीट बसत नाही. दोघेही लवकर झिजतात. शक्यतो सारा संच घ्यावा, आणि त्यासोबत मधल्या आयडलर गिअरचे बुश व पिन, थ्रस्ट वॉशर, ऑइल सील आणि गॅस्केट. बुश ढिले असेल तर सर्वांत महागडा गिअरही डुलतच फिरेल. मुख्य म्हणजे दाते का तुटले याचा शोध घ्यावा. पंप अडकला होता काय? तेलाचे भोक बुजले होते काय? रोग तसाच ठेवून नवा गिअर बसवणे म्हणजे पुन्हा तेच दुखणे विकत घेणे.

बसवताना दोन दात्यांमधली मोकळीक कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे डायल गेजने मोजावी. ती जेमतेम एक-दोन केसांच्या जाडीएवढी असते, तेव्हा बोटाचा अंदाज उपयोगाचा नाही. खुणा जुळवून झाल्यावर स्टार्टर न मारता इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कुठे अडले तर जोर न लावता थांबावे. आयडलरच्या खुणा दोन फेऱ्यांनंतर जुळल्या नाहीत म्हणून घाबरू नये. मधल्या गिअरला ४७ दाते असतील तर वरच्या उदाहरणात सगळ्या खुणा पुन्हा एकत्र यायला क्रँकला ९४ फेरे घ्यावे लागतात! हे ठाऊक नसल्यामुळे नीट बसलेले गिअर पुन्हा खोलून चुकीचे बसवणारेही असतात.

तहान लागल्यावर विहीर खणायला निघू नये. तोडणी सुरू होण्यापूर्वीच एखाद्या रविवारी इंजिनाचा नंबर वहीत उतरवून ठेवावा, आणि पुढे कधी झाकण उघडले गेलेच तर गिअरवरचे नंबर व दात्यांची मोजणीही त्याच वहीत लिहावी. वही आणि पेन्सिल एवढाच खर्च. पण वेळ आली की तेवढ्यावर घरचा हंगाम वाचेल.