शिंगाचा पेला

पेला करायचा तर शिंग आतून पोकळ लागते. मेळघाटात गळून पडणारी सांबर-चितळांची शिंगे म्हणूनच या कामाची नाहीत. ती भरीव हाडाची असतात. गाय, म्हैस, गवा, बकरी यांच्या शिंगाची रचना वेगळी. कवटीतून हाडाचा खुंट निघतो आणि त्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्याची बनतात त्याच द्रव्याचे, टरफल चढते. शिंग भिजवले किंवा उकळले की खुंट सुटतो आणि एका टोकाला बंद असलेले आयते भांडे हाती येते.

युरोपात या भांड्याला मोठा मान होता. जर्मन टोळ्या ऑरॉक्स या रानबैलाच्या शिंगाच्या कडेला चांदी मढवून मेजवानीत त्यातून पितात, असे ज्युलियस सीझरने लिहून ठेवले आहे. जर्मनीत होखडॉर्फ येथे इ. स. पूर्व सहाव्या शतकातील एका सरदाराच्या थडग्यात नऊ शिंगे मिळाली. त्यांतले एक लोखंडी होते आणि त्यात साडेपाच लिटर पेय मावे. डेन्मार्कमध्ये 1639 आणि 1734 साली सोन्याची दोन शिंगे सापडली. ती 1802 साली चोरीला गेली आणि चोराने वितळवून टाकली. ऑरॉक्स तर त्याआधीच, 1627 साली पोलंडमध्ये कायमचा नाहीसा झाला होता. व्हायकिंगांची बहुतेक शिंगे मात्र साध्या पाळीव गुरांची असत. त्यांच्या शिरस्त्राणाला शिंगे होती ही समजूत निराधार आहे. तिला बळ मिळाले ते 1876च्या वाग्नरच्या संगीतनाट्यातील वेशभूषेमुळे.

भरलेले शिंग खाली ठेवता येत नाही. एक तर ते रिकामे करायचे, नाही तर शेजाऱ्याच्या हाती द्यायचे. एकाच शिंगातून सगळ्यांनी पिणे ही तिकडे सलोख्याची खूण होती. आपल्याकडे नेमके तेच अडते. उष्टे न चालणाऱ्या समाजात हातोहात फिरणारा पेला रुजणे कठीणच. शिंगाचे भांडे अपरिचित होते असे मात्र नाही. शिंग, शंख आणि हस्तिदंताच्या वस्तू शुद्ध कशा कराव्यात, याचा नियम मनुस्मृतीत आहे. श्राद्धकर्मात गेंड्याच्या शिंगाचे खड्गपात्र पवित्र मानले गेले. गेंड्याचे शिंग भरीव, त्यामुळे ते कोरावे लागे. अशा शिंगापासून केलेल्या पेल्याचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रातही आहे.

पिण्यापेक्षा इतर कामांना शिंग इथे जास्त वापरले गेले. सुश्रुताने दूषित रक्त काढण्याची तीन साधने सांगितली आहेत : गाईचे शिंग, जळू आणि भोपळा. वैदूंची तुंबडी याच परंपरेतली. शिवाच्या अभिषेकासाठी शिंगाच्या आकाराचे धातूचे पात्र असते. लढाईत बारूद कोरडी राहावी म्हणून शिंगाची बारूददाणी कमरेला असे, आणि फुंकायचे शिंग आधी खऱ्या शिंगाचे होते, पुढे तांब्या-पितळेचे झाले.

वऱ्हाडात शिंगांची उणीव कधीच नव्हती. पोळ्याला बैलांची शिंगे घासून रंगवतात, त्यांना बेगड लावतात. पेल्याच्या दृष्टीने मात्र इथली म्हैस अधिक लक्षवेधी. अमरावती, अकोला, वर्धा, नागपूर या भागातील नागपुरी म्हशीला अचलपूरच्या जुन्या नावावरून इलिचपुरी असेही म्हणतात. तिची लांब शिंगे मागे वळून पार खांद्यापर्यंत जातात. ती तलवारीसारखी चपटी असल्याने पेल्याला गोल तोंड हवे असेल, तर शिंग तापवून साच्यावर बसवावे लागते. केराटिन उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. शिंगाच्या कंगव्यांपासून बटणांपर्यंत सगळा उद्योग याच गुणावर उभा राहिला.

युरोप-अमेरिकेत व्हायकिंग किंवा मध्ययुगीन काळाचा पोशाख करून तो काळ जगून पाहणाऱ्या हौशी मंडळींच्या कमरेला आज जी शिंगे लटकतात, त्यांतली पुष्कळशी भारतातून गेलेली असतात. उत्तर प्रदेशातील संभल हे अशा शिंगकामाचे जुने केंद्र. उत्तरेकडच्या योद्ध्याचा आव आणणाऱ्याच्या हातात उष्ण प्रदेशातल्या गुरांचे शिंग असावे, ही गंमतच. इतिहासाला ते धरून नाही. पण ऑरॉक्सच उरला नाही म्हटल्यावर हट्ट तरी कशाचा धरणार?

गव्याचे शिंग आकाराने या कामाला अधिक शोभते, आणि गवे मेळघाटात आहेतही. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गवा असल्याने त्याचे शिंग बाळगणेही गुन्हा ठरतो. महाराष्ट्रात 2015पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीला ती लागू नाही, त्यामुळे कारागिराला भरवसा म्हशीच्याच शिंगाचा.

कच्च्या शिंगाला वास येतो आणि त्यातल्या पेयालाही तो लागतो. म्हणून आतून खरवडून, पूर्ण वाळवून मधमाशांच्या मेणाचा पातळ थर देतात. हे मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. तेव्हा अशा शिंगात ताक, सरबत किंवा बिअर चालते, गरम चहा चालत नाही. धुताना कोमट पाणी पुरे. नंतर तोंड खाली करून सुकवावे. टोकाशी ओल राहिली तर आत बुरशी धरते आणि तिथवर बोट पोहोचत नाही.