नोंद पक्की, मालकी कोणाची?

गोंडपिपरीहून वैनगंगा ओलांडली की आष्टी, पुढे आलापल्ली आणि तिथून एटापल्ली. गडचिरोली जिल्ह्यातल्या या एटापल्लीत मार्च २०२२ मध्ये एक वेगळेच सरकारी काम सुरू झाले. जातीचे सुमारे ६५ हजार दाखले ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून बदलता न येणाऱ्या नोंदींच्या डिजिटल साखळीवर, नोंदवायचे ठरले. तेव्हाचे सहायक जिल्हाधिकारी शुभम गुप्ता यांनी पुढाकार घेतला, लेजिटडॉक या कंपनीने यंत्रणा उभी केली आणि नोंदींसाठी पॉलिगॉन ही साखळी वापरली गेली. दाखल्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की तो खरा आहे की मागाहून खाडाखोड केलेला, हे तिथल्या तिथे कळावे, असा हेतू. बनावट दाखल्यामुळे हक्काची जागा दुसऱ्याच्या पदरात पडू शकते, ही भीती ज्या भागात खरी आहे, तिथे हे काम फार मोलाचे.

नेमक्या त्याच महिन्यांत अशाच साखळ्यांवर जगभरच्या चित्रकारांची चोरलेली चित्रे विकली जात होती. त्या विक्रीचे साधन म्हणजे एनएफटी.

चित्र, छायाचित्र, गाणे, क्रिकेटपटूचे कार्ड अशा कोणत्याही डिजिटल वस्तूच्या नावाने ब्लॉकचेनवर केलेली एकमेव, क्रमांक असलेली नोंद म्हणजे एनएफटी. नोंद ज्याच्या डिजिटल वॉलेटमध्ये, तो तिचा धारक. ११ मार्च २०२१ रोजी ख्रिस्तीज या लिलावगृहाने बीपल या अमेरिकी चित्रकाराची अशी एक नोंद ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकली आणि बाजाराला उधाण आले. त्याच वर्षी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील ‘मधुशाला’च्या वाचनाचाही एनएफटी लिलाव झाला आणि हा शब्द भारतातही चर्चेत आला.

पण या नोंदीत नेमके असते काय? एखादी उघडून पाहिली तर एका संगणकीय कराराचा पत्ता, एक अनुक्रमांक आणि बहुतेक वेळा एक लिंक एवढेच दिसते. चित्र त्या लिंकच्या पलीकडे, कोणाच्या तरी सर्व्हरवर ठेवलेले असते. सिग्नल या संदेश-अ‍ॅपचे संस्थापक मोक्सी मार्लिनस्पाइक यांनी हा कच्चा दुवा प्रयोग करून दाखवला. त्यांनी बनवलेला एनएफटी एका बाजारपेठेत एक चित्र दाखवी, दुसऱ्या बाजारपेठेत दुसरे, आणि विकत घेणाऱ्याच्या वॉलेटमध्ये गेला की तिथे विष्ठेची इमोजी दिसे. साखळीवरची नोंद मात्र अक्षरानेही बदललेली नव्हती. लोक ज्याला ‘कधीच न बदलणारे’ म्हणून पैसे मोजत होते, त्यात चित्र धरलेलेच नव्हते.

त्याहून गंभीर प्रश्न आहे तो नोंद कोण करतो हा. एटापल्लीत दाखला साखळीवर जाण्याआधी अर्जदाराचे पुरावे तपासले जातात, सक्षम अधिकाऱ्याची सही होते, आणि चुकीचा दाखला दिला गेला तर जाब विचारायला एक कार्यालय असते. सातबाऱ्यावर फेरफार घ्यायचा तरी तलाठी नोटीस काढतो, हरकतींसाठी मुदत देतो, मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एनएफटीच्या बाजारात यातली एकही पायरी सक्तीची नाही. ज्याच्याकडे वॉलेट आहे त्याने फाइल चढवायची, नाव द्यायचे, किंमत लावायची. ब्लॉकचेन नोंदीला हात लावू देत नाही हे खरे. पण खोटी नोंद झाली तर तीही तितक्याच निष्ठेने जपून ठेवते.

याचा परिणाम काय झाला, हे ओपनसी या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेनेच जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले. फुकटात एनएफटी बनवण्यासाठी तिने एक साधन दिले होते. त्यातून तयार झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माल चोरलेली चित्रे, नकली संग्रह किंवा निव्वळ कचरा होता.

चीनमधल्या हांगझोऊच्या इंटरनेट न्यायालयापुढे आलेले प्रकरण या चोरीचा निर्लज्जपणा दाखवते. मा छ्येनली या चित्रकाराने लस टोचून घेणाऱ्या वाघाचे एक गमतीदार चित्र काढले होते. ते कोणीतरी एनएफटी करून ८९९ युआनला विकले, आणि विकलेल्या चित्रावर मूळ चित्रकाराच्या समाजमाध्यम खात्याचा वॉटरमार्क तसाच होता! तो पुसण्याचीही तसदी घेतली गेली नाही आणि बाजारपेठेनेही हटकले नाही. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने बाजारपेठेलाच जबाबदार धरले. ज्या व्यवहारातून तुम्ही शुल्क कमावता, त्यात विकणारा मालक आहे की नाही याची प्राथमिक खातरजमा करणे तुमचे काम आहे, असे तिला बजावले, ४ हजार युआन भरपाई द्यायला लावली आणि तो एनएफटी चलनातून कायमचा बाद करायला सांगितले. रक्कम किरकोळ होती. तरी ‘आम्ही फक्त जागा देतो’ ही ढाल तिथे चालली नाही, हे चित्रकारांच्या दृष्टीने फार मोठे आहे.

विकत घेणाऱ्यांचीही फसगत होते, आणि कधी कधी कोणीही न फसवता. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पाइस डाओ या क्रिप्टोधारकांच्या गटासाठी अलेहांद्रो होदोरोव्स्की यांच्या कधीच न बनलेल्या ‘ड्यून’ चित्रपटाच्या आराखड्याची एक छापील प्रत पॅरिसच्या लिलावात २६ लाख ६० हजार युरोंना घेतली गेली. अपेक्षित किंमत फार तर ३५ हजार. आता हे पुस्तक जगासाठी खुले करू, त्यावरून मालिका काढू, असे गटाने उत्साहाने जाहीर केले. तेव्हा लोकांनी दाखवून दिले, की तुम्ही पुस्तकाची एक प्रत घेतली आहे. त्यावरचे हक्क नव्हे.

भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही याबाबत स्पष्ट आहे. कलम १९ नुसार कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, त्यावर देणाऱ्याची सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरली जातात. म्हणजे एनएफटी घेणाऱ्याला चित्र छापण्याचा, टी-शर्टवर घालण्याचा किंवा त्याच्या प्रती विकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

आपल्याकडचा गाजलेला खटला क्रिकेटचा आहे. रारिओ या कंपनीने मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग अशा खेळाडूंशी करार करून त्यांची डिजिटल कार्डे एनएफटी म्हणून विकायला काढली. स्ट्रायकर या स्पर्धक खेळानेही खेळाडूंची नावे, आकडेवारी आणि रेखाटलेली चित्रे असलेली एनएफटी कार्डे आणली, तेव्हा रारिओ आणि खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २६ एप्रिल २०२३ रोजी न्या. अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूचे नाव आणि सर्वांना उपलब्ध असलेली आकडेवारी यांवर कोणा एकाची मक्तेदारी नाही, आणि एनएफटीचे तंत्रज्ञानही सर्वांना खुले आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. नामवंतांची बाजू तिथे निदान मोठे वकील मांडतात. ताडोब्याच्या बफरमध्ये भल्या पहाटेपासून थांबून वाघिणीचा फोटो मिळवणाऱ्या स्थानिक छायाचित्रकाराची किंवा भिंतीवरची आपली परंपरा कागदावर आणणाऱ्या गोंड चित्रकाराची बाजू कोण मांडणार?

कायदा या दोघांनाही हक्क देतो. चित्र काढले, फोटो टिपला, की त्या क्षणी कॉपीराइट लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही. पण तो त्या विशिष्ट चित्राला असतो, शैलीला नसतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे निदान त्या नावाला आधार आहे. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या समाजाने जपलेल्या कलेचा एकच कर्ता दाखवता येत नाही, आणि नेमक्या याच फटीतून बाहेरचा माणूस आत शिरतो. ही त्रुटी एनएफटीच्या आधीपासूनची आहे. एनएफटीने ती जागतिक बाजारात नेली.

चोरीखेरीज लोकांचे पैसे बुडाले ते सरळ गंडवागंडवीत. जानेवारी २०२२ मध्ये फ्रॉस्टीज नावाचे ८,८८८ गोंडस कार्टून एनएफटी तासाभरात संपले. खेळ येईल, बक्षिसे मिळतील, अशी आश्वासने होती. विक्री होताच संकेतस्थळ बंद झाले आणि ११ लाख डॉलर वळते केले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी यंत्रणांनी विशीतल्या दोन तरुणांना पकडले. त्यांच्या पुढच्या संग्रहाची तयारीही झाली होती.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. गेनबिटकॉइन योजनेत दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. परतावा थकला तेव्हा लोकांच्या माथी एमकॅप हे घरचेच टोकन मारले गेले. प्रमुख आरोपीला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी पकडले. मार्च २०२२ मध्ये तर तपासाला मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी, जप्त क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपाखाली अटक झाली. वस्तू बदलते, कधी नाणे, कधी चित्र. सभागृहातला सेमिनार, व्हॉट्सअ‍ॅप गटातले नफ्याचे स्क्रीनशॉट आणि ‘आणखी दोघे आणा’ ही विनवणी तीच राहते.

हल्ली एक युक्तिवाद हमखास केला जातो: सरकार टॅक्स घेते, म्हणजे हे कायदेशीरच. २०२२ च्या अर्थसंकल्पाने एनएफटीसह सर्व आभासी मालमत्तांच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसही आला. पण कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, हे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तेव्हाच संसदेत सांगितले होते.

आपले चित्र कुठे एनएफटी म्हणून दिसले तर कलावंताने आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट, लिंक आणि संगणकीय कराराचा पत्ता जपून ठेवावा. फोटोची मूळ रॉ फाइल किंवा चित्राचे कच्चे रेखाटन हा सर्वांत भक्कम पुरावा. तो जोडून बाजारपेठेला चित्र काढून टाकण्याची लेखी नोटीस द्यावी. मोठ्या बाजारपेठा अशी तक्रार नोंदवून घेतात आणि विक्री थांबवतात, जरी साखळीवरची नोंद तशीच राहिली तरी. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम बँकेतून पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. एकदा तिचे क्रिप्टो होऊन ती परदेशी वॉलेटमध्ये गेली, की गोंडपिपरीच्या ठाण्यातल्या हवालदाराच्या हाती साखळीवरचा एक लांबलचक आकडा उरतो आणि त्यामागचे नाव शोधायला परदेशी एक्स्चेंजच्या उत्तराची वाट पाहावी लागते.